मॉरिशसनं ऊस सोडला म्हणून ते सुधारले, हे खरं आहे का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळचा वाळवा तालुक्यातला, गेली चार वर्षं मॉरिशसला एबेनमध्ये नोकरी करतोय, फंडांचे हिशेब बघायचं काम. घरी पाच एकर, त्यात साडेतीन एकर ऊस, धाकटा भाऊ बघतो. मागच्या रविवारी फोन केला तर भाऊ तापलेलाच होता. ऊस जाऊन अडीच महिने झाले, बिल नाही, तोडणीच्या टोळीनं वर पैसे घेतलेत ते वेगळेच. म्हणाला, "दादा, तुमच्या त्या बेटावर ऊस बंद केला आणि ते श्रीमंत झाले असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय, आपणबी उपटून टाकू काय?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. चार वर्षं रोज ऊसाच्या रानातून बसनं ऑफिसला जातो पण कधी नीट विचारच केला नव्हता. मग वाचायला लागलो, इथल्या लोकांना विचारायला लागलो, आणि लक्षात आलं की ते फॉरवर्ड साफ चुकीचं आहे. म्हणून हा धागा.

आधी बेट केवढं ते सांगतो. सगळा देश मिळून 2,040 चौ.कि.मी., म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान, लोकसंख्या साधारण साडेबारा लाख. डचांनी 1639 मध्ये जावाहून ऊस आणला, फ्रेंचांनी वाढवला, इंग्रजांनी 1810 मध्ये बेट घेतल्यावर तर दुसरं काही ठेवलंच नाही. 1968 ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा निर्यातीतले शंभरातले नव्वदहून जास्त रुपये एकट्या साखरेचे होते. एक पीक, एक गिऱ्हाईक. आणि वर्षाला एखादं चक्रीवादळ. 1960 मध्ये आधी अ‍ॅलिक्स आणि मग कॅरोल अशी दोन लागोपाठ आली आणि त्या वर्षी साखर आदल्या वर्षीच्या निम्म्याहूनही खाली गेली. 1961 मध्ये जेम्स मीड नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं (यांना पुढे 1977 चं नोबेल मिळालं) अहवाल लिहिला, त्यात या बेटाचं भवितव्य त्यांना फार अंधारं दिसलं होतं. मलेरिया हटल्यामुळे लोकसंख्या भराभर वाढत होती, जमीन वाढणार नव्हती, ऊसाशिवाय काम नव्हतं.

आज इथं कपड्यांचे कारखाने आहेत, ट्यूना मासा डब्यात भरून जातो, हॉटेलं आहेत, माझ्यासारख्यांची ऑफिसं आहेत. एकूण उत्पन्नात साखरेचा वाटा एक-दोन टक्क्यांवर आलाय. पण ऊस गेलेला नाही. विमान उतरताना खाली जे हिरवं दिसतं ते अजून बहुतेक ऊसच आहे. मला जे समजलंय ते असं, की यांनी ऊस उपटून दुसरे धंदे लावले नाहीत, ऊसाच्या पैशानं लावले. ऊस चांगला चालत होता तेव्हाच. जाणकारांनी लिहावं, चुकत असेन तर सांगावं, भावाला सगळं वाचायला पाठवणार आहे.

खोडवा

चांगला धागा. मी करवीर तालुक्यातला, 4 एकर ऊस. मला तुमच्या हॉटेलांचं वगैरे नंतर सांगा, आधी हे सांगा की तिथं शेतकऱ्याला दर कसा देतात, टनावर का उताऱ्यावर (म्हणजे ऊसातून साखर किती निघते त्यावर), आणि चिपाडाचे (रस काढल्यावरचा चोथा), मळीचे (साखर काढून उरलेला पातळ भाग) पैसे शेतकऱ्याला मिळतात का. आपल्याकडं सगळं भांडण तिथंच आहे.

कास्काव्हेलची_लेक

नमस्कार. मी मॉरिशसचीच आहे, पाचवी पिढी. माझं मराठी शाळेत आणि नंतर मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं आहे, घरात आम्ही क्रेओल बोलतो, त्यामुळे चुका सांभाळून घ्या. आमचे लोक रत्नागिरीकडून आले असं घरात सांगतात. 2 नोव्हेंबर 1834 ला पोर्ट लुईच्या बंदरावर पहिले 36 मजूर उतरले, ते बिहारकडचे होते. त्यानंतर कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशा तिन्ही बंदरांतून जहाजं येत राहिली, सगळे मिळून साडेचार लाखांच्या आसपास लोक. ज्या पायऱ्यांवरून ते चढले तो आप्रवासी घाट, 2006 पासून जागतिक वारसा आहे. मी दर वर्षी माझ्या वर्गातल्या मुलांना तिथे नेते.

कृष्णाकाठदादा, तुम्ही लिहिलं ते बरोबर आहे पण त्यात माणसं नाहीत. मी माझ्या घराचं सांगते.

आमच्याकडे जमीन आर्पांमध्ये मोजतात, एक आर्पां म्हणजे तुमच्या एकराहून थोडं जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साखरेचा भाव पडला तेव्हा मोठ्या मळेवाल्यांनी कडेकडेच्या, दगडाळ जमिनी तुकडे करून विकायला काढल्या. करार संपलेल्या भारतीय मजुरांनी दागिने मोडून, पै पै साठवून त्या घेतल्या. आमच्या पणजोबांनी दीड आर्पां घेतली. तुम्ही रानात काळ्या दगडांचे मोठे मोठे ढीग बघितले असतील, पर्यटक विचारतात हे काय देऊळ आहे का. नाही. ज्वालामुखीचं बेट आहे, जमिनीत सगळा दगड, तो आमच्या माणसांनी हातानं उचलून बाजूला रचलाय. माझे आजोबा म्हणायचे, ऊस नंतर, आधी दगड.

दरावरून भांडण आमच्याकडेही झालं आणि रक्त सांडलं. 1937 मध्ये कारखान्यांनी 'उबा' नावाच्या ऊसाला पंधरा टक्के दर कमी देणार असं ठरवलं. उबा कोण लावायचं, तर छोटे शेतकरी, कारण तो हलक्या जमिनीत आणि कमी खतात यायचा. ऑगस्टमध्ये युनियन फ्लाकला शेतकरी आणि मजूर मोर्चा घेऊन गेले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, माणसं मेली. 1943 मध्ये बेल व्ह्यू आरेलला मजुरांवर पुन्हा गोळीबार झाला, त्यात अंजले कुपेन ही गरोदर बाई गेली. आमचं फुटबॉलचं मोठं स्टेडियम तिच्या नावाचं आहे. लोक मॅच बघायला जातात, नाव घेतात, मी मुलांना सांगते की ती कोण होती ते आधी विचारा.

त्यामुळे ऊसाबद्दल आमच्या मनात दोन्ही आहे. राग आहे आणि माया पण आहे. माझी आजी पहाटे चारला डोक्याला फडकं बांधून तोडणीला जायची, पानानं हात कापलेले असायचे. तिनं आईला सांगितलं होतं, तू कोयता धरायचा नाही. आई 1983 मध्ये स्वेटरच्या कारखान्यात लागली, तेव्हा मी तीन वर्षांची होते. आजीला पगार दिसला तेव्हा ती रडली असं आई अजून सांगते. माझी आई घरातली पहिली बाई जिच्या नावावर बँकेत खातं होतं.

इचलचा_धागा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली.

स्वेटरचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी 1996 ते 2001 तिकडं एका गिरणीत होतो, स्पिनिंगला टेक्निशियन म्हणून. इथून गेलेलो आम्ही बरेच होतो. मला पहिल्या दिवशीच नवल वाटलं होतं की बेटावर लोकर देणाऱ्या मेंढ्यांचे कळप नाहीत, कापूस नाही, आणि लोकरीचे स्वेटर विकणाऱ्या जगातल्या मोठ्या देशांत यांचं नाव. मग एका जुन्या मॅनेजरनं समजावून सांगितलं ते असं की 1970 मध्ये यांनी निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा केला, लिम फॅट नावाचे चिनी वंशाचे तिथलेच प्राध्यापक होते त्यांनी ती कल्पना तैवानकडं बघून मांडलेली, कच्चा माल आणायला जकात नाही, नफ्यावर कर सुरुवातीला नाही, अट एकच की माल बाहेर विकायचा. आणि दुसरीकडं हाँगकाँगच्या कारखानदारांचं दुखणं वेगळंच होतं, त्यांना युरोप-अमेरिकेत कापड पाठवायला कोटा पुरत नव्हता, मॉरिशसला कोटा मोकळा होता आणि युरोपात जकातही नव्हती. म्हणून ते आले.

पण सगळे पैसे बाहेरचे नव्हते हे महत्त्वाचं. साधारण निम्मं भांडवल बेटावरच्याच लोकांचं होतं, त्यात साखरवाली घराणी मोठी. 1974 ला जगात साखरेचा भाव आकाशाला भिडला तेव्हा त्यांच्या हातात पैसा आला तो कुठंतरी लावायचाच होता. ताईंच्या आई ज्या वेळी लागल्या त्या वेळी बेटावर बेकारी भयंकर होती, पाचातला एक बेकार, आणि 1990 पर्यंत उलट माणसं मिळेनाशी झाली. त्या क्षेत्रात नव्वद हजाराच्या आसपास कामगार, त्यात बहुसंख्य बायका. मग आमच्यासारखे, चिनी, नंतर बांगलादेशी आणायला लागले.

पुढचं मी डोळ्यानं बघितलं. 2005 च्या 1 जानेवारीला जगभरचा कोटा संपणार हे सगळ्यांना दहा वर्षं आधीपासून माहीत होतं, तरी ज्यांनी तयारी केली नाही ते बुडाले. मी यायच्या आधीच शिवणकाम मादागास्करला जायला लागलं होतं, तिथं मजुरी कमी. आमच्या इचलकरंजीत जे साध्या मागांचं झालं तेच. जे राहिले ते सूत, विणणं, रंगाई, शिवण असं सगळं एका छपराखाली करणारे आणि महागडा माल काढणारे.

मी होतो त्या कंपनीनं आमचा शेवटच्या चार महिन्यांचा पगार थकवला आणि मालक निघून गेले, तो पैसा मला आजवर मिळालेला नाही. पण बेटाबद्दल माझ्या मनात काही नाही, शेजारच्या घरातून रोज डबा यायचा आम्हाला.

कृष्णाकाठ

@खोडवा, उशीर झाला, ऑफिसात क्लोजिंग होतं.

दर टनावर नाही, ऊसातल्या साखरेवर. प्रत्येकाच्या ऊसाचा नमुना तपासतात, त्यातून किती साखर निघेल ते काढतात आणि त्या साखरेचे 78 टक्के शेतकऱ्याचे, 22 टक्के कारखान्याचे. म्हणजे शेतकरी ऊस विकतच नाही म्हणा ना, तो आपली साखर करून घेतो आणि कारखान्याला गाळपाचा वाटा देतो. सगळी साखर मग एकच संस्था विकते, मॉरिशस शुगर सिंडिकेट. शेतकऱ्यानं गिऱ्हाईक शोधायचं नाही, कारखान्यानंही नाही.

मळीचे पैसे मिळतात. चिपाडाचा वाद मात्र इथंही वर्षानुवर्षं होता. कारखाने हंगामात चिपाड जाळून वीज करतात, हंगाम नसताना कोळसा जाळतात, वीज सरकारी मंडळाला विकतात. त्यात शेतकऱ्याला नावापुरतं काहीतरी मिळायचं. लोकांनी सारखं लावून धरलं तेव्हा 2021 पासून चिपाडापोटी साखरेच्या टनामागे 3,300 रुपये असं ठरलं (इथला रुपया आपल्या पावणेदोन रुपयांच्या वर आहे). शिवाय 60 टनांपर्यंत साखर निघते अशा छोट्या शेतकऱ्याला टनामागे किमान 25,000 ची सरकारी हमी, पुढं ती वाढवली.

खोडवा

78 म्हणजे चांगलंच की. आपल्याकडं रंगराजन समितीनं 2012 ला सांगितलं की साखर, चिपाड, मळी सगळं धरून जे उत्पन्न होईल त्याचे 70 टक्के शेतकऱ्याला, किंवा नुसत्या साखरेचे धरले तर 75 टक्के. महाराष्ट्रानं 2013 ला कायदाबी केला, ऊस दर नियंत्रण मंडळ झालं. पण गावात किती जणांना माहीत आहे विचारा. आम्ही एफआरपी (केंद्र सरकार ठरवतं तो ऊसाचा किमान दर) मिळाली की नाही यातच अडकलेलो.

पण मग एवढा दर मिळून तुमच्याकडं लोक ऊस सोडतात का? ताईंनी जमिनीचं पुढं काय झालं ते लिहिलंच नाही.

कास्काव्हेलची_लेक

विकली दादा. 2011 ला.

कारण सांगते. आमच्या साखरेला युरोप ठरलेला दर द्यायचा, 1975 च्या लोमे करारापासून (युरोप आणि त्याच्या जुन्या वसाहतींमधला व्यापार करार). वर्षाला पाच लाख सात हजार टन साखर, जगातला भाव काही का असेना. जगाच्या भावाच्या दुप्पट, कधी तिप्पट मिळायचे. आमच्या शाळा, दवाखाने त्यावर चालले, 1977 पासून माध्यमिक शिक्षण फुकट झालं ते कुठल्या पैशावर, साखरेच्या. मोठ्यांकडून निर्यातीवर कर घ्यायचे आणि तो शाळेत यायचा. मग 2006 पासून युरोपनं दर कमी करायला सुरुवात केली, चार वर्षांत 36 टक्के. टनाला 523 युरो होते ते 335 वर आले. 2009 ला साखरेचा तो करारच संपला.

दीड आर्पांत 36 टक्के गेले की काय उरतं? माझे दोन्ही भाऊ नोकरीत, तोडणीला माणूस नाही, मशीन आणायचं तर आधी रानातले दगड काढून जमीन सपाट करावी लागते आणि एवढ्याशा तुकड्यात मशीन फिरत नाही. शेजारच्यांनी तर पड टाकली, तिथे आता झाडोरा माजलाय. पंचवीस हजारांहून जास्त छोटे शेतकरी होते, आता निम्मेही राहिले नाहीत. 1970 च्या दशकात 80 हजार हेक्टरांच्या आसपास ऊस होता तो निम्म्यावर आलाय. साखर 1973 मध्ये सात लाख अठरा हजार टन झाली होती, तो अजून विक्रम आहे, आता अडीच लाखांच्या आसपास घुटमळते.

कारखाने तर एकोणिसाव्या शतकात अडीचशेच्या वर होते. आता तीन. आमच्या बाजूचा मेदिनचाही बंद झाला. हंगामात गोड करपट वास यायचा घरापर्यंत, तो येत नाही. पोटातून काहीतरी गेल्यासारखं वाटतं. जिथं आजीचे हात कापले त्या वासाची आठवण का यावी मला कळत नाही, पण येते.

एक मात्र नीट झालं. कामगारांना हाकलून नाही दिलं. 2001 पासून स्वेच्छानिवृत्ती आली तिच्यात रोख पैसे आणि वर घराला सात पर्च जागा, म्हणजे तुमचे तीनेक गुंठे. माझ्या काकांचं घर त्याच जागेवर आहे.

गणित_कच्चं

हे सगळं वाचून मला एकच वाटतं, त्यांचं नशीब होतं. युरोपनं पंचवीस-तीस वर्षं जगाच्या दुप्पट दर दिला तर कोणीही सुधारेल. आपल्या शेतकऱ्याला द्या तसा दर. याच्यातून आपण काय घ्यायचं?

कृष्णाकाठ

नशीब होतं हे मान्य. पण लोमेचा दर एकट्या मॉरिशसला नव्हता. फिजीला होता, जमैकाला होता, गयानाला, त्रिनिदादला, सेंट किट्सला होता. फिजीत 1987 ला लष्करानं सत्ता उलथली, नंतर ऊसवाल्या भारतीय कुळांच्या जमिनींचे भाडेपट्टे संपत गेले आणि लोक देश सोडून गेले. त्रिनिदादनं 2003 मध्ये सरकारी साखर कंपनीच बंद केली, हजारो लोक एकदम घरी. सेंट किट्सनं 2005 च्या हंगामानंतर साखर कायमची थांबवली, साडेतीनशे वर्षांचं पीक. दर सगळ्यांना सारखाच होता. मॉरिशसला जास्त कोटा होता हे खरं, सगळ्या कोट्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, पण तो मिळेल तेवढा घ्यायचा हे 1975 ला त्यांनीच ठरवलं. त्या वेळी बाजारात भाव इतका चढा होता की इतर काहीजण म्हणाले बांधून कशाला घ्या. यांनी बांधून घेतलं.

आणि दर चांगला होता तेव्हा बसून राहिले नाहीत. ऊसाच्या ओळींमध्ये बटाटा घेतात, त्यांच्या रेदुईच्या ऊस संशोधन संस्थेनं (1953 ची आहे) ते बसवून दिलं. लहान कारखाने मिटवून मोठ्यात घातले. युरोपचा दर पडल्यावर पांढऱ्या साखरेबरोबर डेमेरारा, मस्कोवाडो अशा खडबडीत तपकिरी साखरा वाढवल्या, ज्या पुड्यांमधून महाग जातात. आपण ज्याला खांडसारी म्हणायचो आणि नाकं मुरडायचो तिचीच बहीण. अडीच लाख टन म्हणजे कोल्हापूर-सांगलीतले दोन मोठे कारखाने एका हंगामात करतात तेवढी साखर, महाराष्ट्रानं एकट्यानं 2021-22 मध्ये 137 लाख टन केली. एवढ्याशा मालाला टनावर किंमत मिळणार नाही हे त्यांना कळलं म्हणून प्रकारावर मिळवायला लागले.

ताळेबंद

मी सीए आहे, पुण्यात. साखर आणि स्वेटर ठीक आहे पण तिसऱ्या खांबाबद्दल, म्हणजे परदेशी पैसा फिरवण्याच्या धंद्याबद्दल, कृष्णाकाठ हात आखडता घेऊन लिहितायत असं वाटतं, ते स्वतः त्यातच आहेत म्हणून असेल कदाचित. 1982 मध्ये भारत आणि मॉरिशसमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. त्यात शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर कुठं, तर विकणाऱ्याच्या देशात, आणि मॉरिशसमध्ये तो कर नव्हताच. 1991 नंतर भारताचा बाजार उघडला, 1992 ला त्यांनी परदेशी कंपन्यांसाठी कायदा केला, आणि मग जगातला पैसा पोर्ट लुईत एक पत्ता घेऊन भारतात यायला लागला. कित्येक वर्षं आपल्याकडे येणाऱ्या परकीय गुंतवणुकीत पहिला नंबर या एवढ्याशा बेटाचा होता. आपलेही काही पैसे तिकडून फिरून परत येत होते हा संशय कायम होता. आपल्या तिजोरीचं नुकसान झालं हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

2016 मध्ये करार बदलला, 1 एप्रिल 2017 नंतर घेतलेल्या शेअरवरचा नफा आता भारतात करपात्र आहे.

कृष्णाकाठ

@ताळेबंद, तुमचं म्हणणं खोटं नाही. माझी नोकरी त्या करारातूनच जन्मलेल्या धंद्यात आहे आणि मला याचा विचार अनेकदा येतो, वडिलांच्या ऊसावर शिकलो आणि पोट या हिशेबांवर. 2017 नंतर आमच्याकडे भारतातली कामं कमी झाली, आफ्रिकेतल्या देशांत जाणाऱ्या फंडांची वाढली. एबेनची ही सायबर सिटी उभी राहिली तिला भारताचं कर्ज होतं, आणि ती ज्या जमिनीवर उभी आहे तिथं पंचवीस वर्षांपूर्वी काय होतं? ऊस. माझ्या खिडकीतून अजून एक पट्टा दिसतो.

निफाड

कांदेवाला आहे, थोडक्यात लिहितो. 2023 च्या डिसेंबरात आपल्या सरकारनं कांदा निर्यात बंद केली तेव्हा आम्ही इथं मातीमोल विकला. नंतर काही देशांसाठी सूट निघाली त्या यादीत बांगलादेश 50,000 टन आणि खाली मॉरिशस 1,200 टन असं वाचलं होतं. तेव्हा मनात आलं, शेतीवाला देश म्हणतात आणि कांदा आपला का लागतो?

कास्काव्हेलची_लेक

दादा, हाच आमचा सगळ्यात मोठा कमकुवतपणा. दोनशे वर्षं सगळ्यात चांगली जमीन ऊसाला दिली, खायचं बाहेरून. तांदूळ, गहू, डाळ, तेल, दूध पावडर, सगळं जहाजानं येतं. भाजी, कोंबडी, अंडी आणि थोडाफार कांदा-बटाटा एवढंच आमचं. रस्त्यावर आम्ही जी दालपुरी खातो, जी मॉरिशसची ओळख म्हणतात, तिच्यातलं पीठही बाहेरचं आणि डाळही बाहेरची. 2023 मध्ये भारतानं तांदूळ थांबवला तेव्हा 14,000 टनांची सूट आमच्यासाठी काढली म्हणून निभावलं. तुमच्या निर्यातबंदीत तुमचं नुकसान आणि आमच्या दुकानात भाव वाढलेला, दोन्हीकडचा सामान्य माणूसच गेला.

चहा करून बघितला सरकारनं, बोआ शेरीला 1892 पासून मळा आहे तो चालू आहे, पण बाकीच्या चहाच्या जमिनी 1990 च्या दशकात परत ऊसाला दिल्या, कारण ऊसाचा दर बांधलेला. बघा, चांगला दर सुद्धा पायात अडकतो. अननस, लिची, अँथुरियमची फुलं जातात परदेशी. मोठी निर्यात आता ट्यूनाची, पण मासा पकडणारी जहाजं बहुतेक दुसऱ्यांची, आमच्याकडे फक्त डब्यात भरतात.

आणि पर्यटन. 2018 मध्ये जवळपास 14 लाख पर्यटक आले, आमच्या लोकसंख्येहून जास्त. 2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं ते ऑक्टोबर 2021 पर्यंत, माझा एक भाऊ हॉटेलात आहे, घरी बसला. आणि त्यातच 25 जुलै 2020 ला ते वाकाशिओ जहाज पॉइंत देस्नीच्या प्रवाळावर येऊन बसलं आणि काही दिवसांनी हजारेक टन तेल समुद्रात आलं. त्या वेळी आम्ही काय केलं माहीत आहे? मोठी मदत यायच्या आधी लोक ट्रक भरभरून पाचट घेऊन माएबूरच्या किनाऱ्यावर आले. कापडाच्या लांब पिशव्या शिवायच्या, त्यात ऊसाचं पाचट कोंबायचं, रिकाम्या बाटल्या बांधायच्या म्हणजे तरंगतं, आणि तेल अडवायला पाण्यात सोडायचं. ज्यांनी वीस वर्षांत रानात पाय ठेवला नव्हता ते पाचट गोळा करत होते. आम्ही मराठी मंडळातल्या बायका शिवायला बसलो होतो, माझ्या आईनं तिच्या कारखान्यातल्या सवयीनं इतक्या भराभर पिशव्या शिवल्या की बाकीच्या बघत राहिल्या. हात काळे, नाकात तेलाचा वास. मी आयुष्यात तेवढी थकले नाही आणि तेवढी आपली माणसं एकत्र बघितली नाहीत.

खोडवा

पाचटाचा असा उपयोग पहिल्यांदाच ऐकला. आमच्याकडं पेटवून देतात अजून, मी तीन वर्षं झाली कुट्टी करून रानातच ठेवतो.

ताई, तुमच्याकडं गणपती बसवतात का?

कास्काव्हेलची_लेक

बसवतात म्हणजे काय, गणेश चतुर्थीला आमच्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. मिरवणुकीत झाकरी नाचतात, तुम्ही कोकणात जाखडी म्हणता ती. तेव्हा ऊसाची तोडणी जोरात चालू असते, आमच्याकडे हंगाम जून ते डिसेंबर.

कृष्णाकाठ

भावानं धागा सगळा वाचला, रात्री एकला फोन आला. ऊस उपटायचं बंद. दीड एकर खोडवा मोडून तिथं भाजीपाला बघतो म्हणतोय, दोन एकर लागण ठेवणार, सरीत हरभरा टाकून बघणार. कष्ट त्याचे आहेत, मी लांबून काय सांगणार.

पण एका गोष्टीनं तो पेटलाय ती चिपाडाची. म्हणाला दीड हजार मैलांवर समुद्रातली माणसं चिपाडाचे पैसे भांडून घेतात आणि आपल्या कारखान्यानं चिपाडावर वीज करायचा सहवीज प्रकल्प काढून इतकी वर्षं झाली, मी अहवाल कधी उघडलाच नाही. (अंतर तीन हजार मैलांच्या आसपास आहे हे मी त्याला सांगितलं, तो म्हणाला तेच ते.) @खोडवा, तुम्ही 70:30 चं जे लिहिलंय त्याचा हिशेब सभासदाला मागता येतो का, आणि अर्ज कुणाकडं करायचा, ते जरा सविस्तर लिहा. वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे.

खोडवा

मागता येतो. साखर आयुक्तांकडं दर वर्षी कारखान्याचा हिशेब जातो, त्यावरून मंडळात दर ठरतो. आधी कारखान्याच्या कार्यकारी संचालकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, पोच महत्त्वाची. अर्जात साखर, चिपाड, मळी, प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) चारही वेगवेगळं मागा, एकत्र आकडा दिला तर घेऊ नका. मी मागच्या वर्षी दिलेल्या अर्जाचा मजकूर आज रात्री इथंच टाकतो.